मदत हवी आहे: पी३८ रोखला तरी ॲक्सॉनमधली वाहतूक ठप्पच

अर्धीमुर्धी
दोन महिने डोकं फोडतेय. एएलएस या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, मरतात. त्या आजाराचं एसओडी१ जनुकातलं म्युटेशन असलेल्या स्टेम सेलपासून मी असे न्यूरॉन बनवलेत. त्यांत पी३८ (एक एन्झाइम) अतिसक्रिय असतो, तो किनेसिनवर (ॲक्सॉनमधून, म्हणजे पेशीच्या लांब शेपटीतून, टोकाकडे माल वाहणाऱ्या मोटर प्रथिनावर) फॉस्फेट चढवतो आणि किनेसिनचं चालणं अडतं, असं वाचून पी३८चा इनहिबिटर (त्याला रोखणारं रसायन) टाकला. ढिम्म! कायमोग्राफवर (वेळेनुसार मालाची जागा दाखवणाऱ्या चित्रावर) सगळ्या रेघा उभ्याच, म्हणजे काहीच हलत नाही. सोमवारी गाईडना दाखवायचंय. दुसरा कुठला इनहिबिटर वापरू?

खडूस_खार
रेघा कशाच्या? माइटोकॉन्ड्रिया (पेशीची वीजघरं) की एन्डोसोम (निरोप वाहणाऱ्या पिशव्या)? पेशी किती दिवसांच्या? कंट्रोल, म्हणजे निरोगी पेशी, कसा दिसतो?

उलटी_गंगा
किनेसिनचा नाद सोडा. खरी गोम परतीच्या वाहतुकीत, म्हणजे टोकाकडून पेशीकडे माल आणणाऱ्या डायनिन मोटरमध्ये आहे. डायनिनच्या जोडीदाराचं, डायनॅक्टिनचं, एक अमिनो ॲसिड बदललं तरी मोटर न्यूरॉन मरतात आणि स्वरतंतूसुद्धा लुळे पडतात. २००३ सालीच सापडलंय हे.

बिनपगारी
आणि २०१८ मध्ये एएलएसशी जोडला गेलेला केआयएफ५ए काय डायनिन आहे का? किनेसिनच तो! दोन्ही मोटर बहुधा एकाच मालाला जुंपलेल्या असतात, एक अडली की दुसरीही रखडते. त्यामुळे हा वादच फोल.

उलटी_गंगा
फोल कसा? स्नायूकडून येणारा जगण्याचा निरोप पेशीपर्यंत नेतं कोण?

सहज_सुचलं
मज्जातंतूतला संदेश सेकंदाला ५० मीटरच्या वर जाऊ शकतो. तुमचा कॅमेरा पुरेसा वेगवान आहे का?

खडूस_खार
अहो, ती वीज झाली. इथे हमालीबद्दल चाललंय. जलद वाहतूकसुद्धा दिवसाला ५० ते ४०० मिलिमीटर. मीटरभर लांब ॲक्सॉनच्या टोकाला माल पोचायला कित्येक दिवस जातात. अर्धीमुर्धी, कंट्रोल??

वाचनमात्र
माझ्या काकांना एएलएस आहे. हे इनहिबिटर गोळीच्या रूपात मिळतं का?

बिनपगारी
नाही हो, हे सगळं प्रयोगशाळेतलं. पण काकांची जनुकीय तपासणी झाली नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा. दोष एसओडी१चा निघाला तर त्यासाठी टोफरसेन हे औषध आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पाठीच्या कण्यातून देतात. बहुतेक रुग्णांत मात्र एसओडी१चा दोष नसतो.

अर्धीमुर्धी
माइटोकॉन्ड्रियाच. पेशी ३० दिवसांच्या. कंट्रोलही तसाच उभा आहे, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

खडूस_खार
म्हणून लिहिलं नाही! अहो, निरोगी पेशीतही काही हलत नसेल तर रोगाचा आणि पी३८चा प्रश्न येतोच कुठे? मायक्रोस्कोपच्या स्टेजचं तापमान किती? किती वेळाने फ्रेम, लेझर किती?

अर्धीमुर्धी
हीटर बंद पडलाय, त्यामुळे खोलीचं तापमान. दर अर्ध्या सेकंदाला फ्रेम, दहा मिनिटं, लेझर फुल. नाहीतर दिसतच नाही नीट.

खडूस_खार
बाराशे वेळा भाजल्यावर कोण चालेल? हे मोटर एटीपीवर (पेशीच्या इंधनावर) चालतात, गारठ्यात त्यांचा वेग पडतो. ३७ अंश ठेवा, लेझर उतरवा, फ्रेम दोन-तीन सेकंदांनी घ्या. शिवाय परिपक्व न्यूरॉनमधले बरेचसे माइटोकॉन्ड्रिया जागेवरच बसलेले असतात. सगळे पळतील ही आशा सोडा.

बिनपगारी
आणि एसओडी१च्या उंदरांत पी३८ रोखून जी सुधारणा दिसली ती परतीच्या सिग्नलिंग एन्डोसोममध्ये. माइटोकॉन्ड्रियाकडून तीच अपेक्षा का?

उलटी_गंगा
परतीच्या! मी पहिल्यापासून काय सांगतोय?

अर्धीमुर्धी
शेजारच्या लॅबचा हीटर उसना आणला. कंट्रोलमध्ये तिरक्या रेघा दिसल्या! फार नाहीत, चारात एखादी. गाईडना कंट्रोलच दाखवते, म्युटंटचं पुढच्या आठवड्यात बघू. एन्डोसोम कशाने रंगवायचे?

खडूस_खार
नवा धागा काढा. आणि त्यात कंट्रोलबद्दल पहिल्याच ओळीत लिहा.