रोहयो (रोजगार हमी योजना) : काम मागून महिना झाला, काम नाही, भत्ताही नाही. मदत हवी आहे

कोरडवाहू (14 जानेवारी 2025)
वस्तीवरच्या सात घरांनी रोहयोचं काम मागितलं, महिना उलटला. रोजगार सेवक म्हणतो शेल्फवर (मंजूर कामांच्या यादीत) काम नाही, थांबा. बेरोजगार भत्ता कुणाकडे मागायचा? लवकर सांगा, नाहीतर माणसं वीटभट्टीवर निघून जातील.

पाणंद
मागितलं म्हणजे तोंडी, की नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून? त्या अर्जाची पोच, म्हणजे नमुना 5, हातात आहे का? तारीख काय?

कोरडवाहू
लेखीच दिलंय हो, 9 डिसेंबरला. पोच मागितली तर "नंतर घेऊन जा" म्हणाले.

पाणंद
घोडं तिथंच अडलंय. 15 दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागतो. ते दिवस मोजायचे अर्ज मिळाल्यापासून, आणि तो मिळाल्याचा पुरावा म्हणजे ती पोच. शेल्फवर काम नसणं ही यंत्रणेची अडचण, मजुराची नव्हे. शिवाय संगणकावर मागणी बऱ्याचदा मस्टर (हजेरीपट) काढायच्या वेळीच चढवतात. मग मागणी आणि काम एकाच आठवड्यातलं दिसतं, भत्ता उरतच नाही. नरेगाच्या (रोहयोच्याच केंद्रीय योजनेच्या) संकेतस्थळावर जॉबकार्ड उघडा. मागणीचा काळ, देऊ केलेलं काम, केलेलं काम असे तक्ते दिसतील. पहिल्या तक्त्यात 9 डिसेंबर आहे का?

हिशेबनीस
माझं मत, भत्त्यामागे पळू नका. 2024-25 चा मजुरीचा दर 297 रुपये. भत्ता पहिले 30 दिवस त्याच्या किमान पाव, म्हणजे 74 रुपये 25 पैसे. पुढे आर्थिक वर्ष संपेपर्यंत किमान निम्मा. त्यापेक्षा बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा. मजुरी आता आधारवरूनच येते आणि शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. लोक जुनं पासबुक घेऊन हेलपाटे घालतात.

शिवार
भत्ता सोडा असं कृपया सांगू नका. तो राज्याच्या तिजोरीतून जातो, म्हणून तर मागणीची तारीख लपवली जाते. दावा लेखी गेला की काम निघायला लागतं.

कोरडवाहू
पाहिलं. पाच घरांची मागणीच चढलेली नाही. दोन घरांपुढे मात्र "देऊ केलेलं काम" म्हणून 23 ते 29 डिसेंबर, पाझर तलाव, असं दिसतंय. त्यांना कुणी कळवलंच नाही!

पाणंद
हे आधी सांगायला हवं होतं. कळवल्यावर 15 दिवसांत हजर न झाल्यास 3 महिने भत्त्याचा हक्क जातो. नोंद तशीच राहिली तर त्या दोघांनी काम नाकारलं असा अर्थ निघेल. पण बोलावणं जॉबकार्डवरच्या पत्त्यावर पत्रानं जायला हवं, शिवाय ग्रामपंचायतीत सूचना लागायला हवी. त्या पत्राची प्रत दोघांनी लेखी मागावी.
बाकी पाच घरांनी नवा नमुना 4 भरावा. किमान सलग 14 दिवसांची मागणी, प्रत्येकाचं नाव, जॉबकार्ड क्रमांक आणि 9 डिसेंबरच्या अर्जाचा उल्लेख. दोन प्रती काढा, तहसीलला द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शिवार
तहसीलवाले "ग्रामपंचायतीत द्या" म्हणून परत पाठवतात. आधी ग्रामपंचायतच.

पाणंद
अर्ज दोन्हीकडे चालतो. तहसीलदार हेच तालुक्यातले या योजनेचे कार्यक्रम अधिकारी. पोच न दिल्याची तक्रारही त्यांच्याकडेच द्या, ती 7 दिवसांत निकाली काढायची असते.

हिशेबनीस
दोन घरांचा तो तलाव वस्तीपासून किती लांब?

कोरडवाहू
सात किलोमीटर.

हिशेबनीस
मग 5 किलोमीटरच्या बाहेर गेलं. तिथं जायचं ठरलं तर 10 टक्के जादा मजुरी लागते, 297 वर 29 रुपये 70 पैसे. पत्राची प्रत मागायच्या त्या दोघांच्या अर्जातच तेही लिहा.