पंप आणि पाइप वेगळ्या एफएमयूत: स्टेप कमी केली की सिम्युलेशन आणखी लवकर फुटतं

शीतचक्र (प्रश्न):
नमस्कार मंडळी. बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या सर्किटचं एकत्रीकरण चालू आहे. आर्किटेक्चर सिसएमएल १.६ मध्ये (प्रणालीचे भाग आणि जोडण्या मांडायची भाषा). पंप आणि मोटर ड्राइव्ह हे एका टीमचं एफएमयू (स्वतंत्र चालवता येणारं, फाइलमध्ये बांधलेलं मॉडेल). पाइप, कोल्ड प्लेट आणि रेडिएटर हे दुसऱ्या टीमने मॉडेलिकातून (समीकरणांनी मॉडेल लिहायची भाषा) काढलेलं. दोन्ही एफएमआय २.० (एफएमयूचं प्रमाणक), को-सिम्युलेशन प्रकार, म्हणजे प्रत्येक एफएमयू आपली समीकरणं स्वतःच सोडवतं. मास्टर (दोघांना पावलापावलाने चालवून मूल्यं इकडून तिकडे देणारा प्रोग्राम) आधी पंप चालवतो, मग पाइप. अडचणी तीन:

१. स्टेप (एका पावलाचा वेळ) १० मिलिसेकंद असताना दाब एकदा वर, एकदा खाली असा उड्या मारत दहा-बारा पावलांत फुटतो. १ मिलिसेकंद केली तरी पावलं तेवढीच, म्हणजे दहापट लवकर. एकेकटे चालवले तर दोन्ही एफएमयू व्यवस्थित.
२. फुटण्याआधीच्या पावलांतही पाइपच्या मॉडेलमध्ये दाब सुमारे १ बारने कमी दिसतो आणि कॅव्हिटेशनचा (दाब फार कमी झाल्याने द्रवात बुडबुडे होण्याचा) इशारा उगाच येतो. सिसएमएलमध्ये पोर्टचं (जोडणीच्या टोकाचं) एकक दोन्हीकडे पास्कलच आहे.
३. सिसएमएल २ वर गेलं की असल्या चुका आपोआप पकडल्या जातील, असा आग्रह होतोय. खरंच?

दाबप्रवाह:
पहिल्याचं उत्तर तुमच्या लक्षणातच आहे. पावलं तेवढीच लागतात, म्हणजे दोष स्टेपच्या लांबीचा नाही, जोडणीचा आहे. पंपाचं एफएमयू प्रवाह घेऊन दाब देतं, पाइपचं दाब घेऊन प्रवाह देतं, आणि मध्ये साठवण कुठेच नाही. त्यामुळे प्रत्येक पावलाला चूक एका ठराविक गुणकाने गुणली जाते: पंपाच्या वक्राचा उतार भागिले पाइपचा रोध. समजा उतार ३ आणि रोध २, तर गुणक १.५. चिन्ह दर वेळी उलटतं आणि दहा पावलांत मूळ चूक सुमारे ५८ पट होते. यात वेळ कुठे आलीच नाही, मग स्टेप कमी करून काय होणार? (दोन्ही एफएमयू एकाच वेळी चालवणारा मास्टर घेतलात तर एवढी वाढ दर दोन पावलांना होईल. फुटणार ते फुटणारच.)

कार्यकारण उलटवणं हा झटपट उपाय: पंपाने दाब घेऊन प्रवाह द्यायचा, पाइपने प्रवाह घेऊन दाब. गुणक ०.६७ होतो आणि हेलकावे विरतात. पण थर्मोस्टॅटची झडप बंद होऊ लागली की पाइपचा रोध वाढतो, गुणक पुन्हा १ च्या वर जातो आणि नेमका त्याच चाचणीत घात होतो.

टिकाऊ उपाय म्हणजे कापायची जागा बदलणं. एफएमयूची सीमा जिथे ऊर्जा किंवा वस्तुमान खरोखर साठतं तिथेच टाका: टाकी, लवचिक होज, कोल्ड प्लेटचं धातूचं वस्तुमान. होजची लवचिकता (म्हणजे द्रव साठवायची धारकता) पाइपच्या बाजूला धरली की दाब ही तिथली स्थिती होते आणि पंप फक्त प्रवाह देतो. मग मात्र स्टेपला अर्थ येतो. पंपाचा उतार गुणिले ती धारकता हा वेळ ५० मिलिसेकंद येत असेल तर १० ची स्टेप निर्धास्त चालते. ५ च आला तर १० अगदी काठावर. स्थिर व्हावं म्हणून धारकता हवी तेवढी फुगवू नका. दाबाचा प्रतिसाद सुस्त होतो, आणि त्या सुस्त मॉडेलवर ट्यून केलेला कंट्रोलर खऱ्या सर्किटवर हेलकावतो.

शीतचक्र:
सीमा हलवायची तर दोन टीमचे करार बदलावे लागतील. तोवर प्रत्येक पावलात पुनरावृत्ती करून भागेल का?

दाबप्रवाह:
एफएमयू परवानगी देत असेल तर. त्याची झिप उघडा आणि मॉडेलडिस्क्रिप्शन.एक्सएमएल मध्ये 'कॅनगेटअँडसेटएफएमयूस्टेट' बघा. ते ट्रू नसेल तर मास्टरला मागच्या क्षणी परत जाता येत नाही, विषय संपला. ट्रू असलं तरी नुसती मूल्यं फिरवत बसू नका. गुणक १.५ असताना तीही पसरतच जातात. नवं मूल्य अर्धंच घ्या, अर्धं जुनं ठेवा: गुणक उणे १.५ चा उणे ०.२५ होतो आणि चार-पाच फेऱ्यांत जमतं.

पोर्टपंडित:
दुसरा मुद्दा: १ बारची तूट म्हणजे जवळपास खात्रीने गेज आणि निरपेक्ष दाबाची गल्लत. पंपाच्या टीमने वातावरणाचा दाब शून्य धरला आहे. मॉडेलिकाच्या द्रव लायब्ररीला निरपेक्ष पास्कल लागतात. फरक १.०१३ बार. एकक दोन्हीकडे पास्कल असल्यामुळे एकक तपासणारं कुठलंही साधन गप्पच बसणार.

इलाज सिसएमएल १.६ मध्येच होतो. 'निरपेक्ष दाब' आणि 'गेज दाब' असे दोन वेगळे व्हॅल्यू टाइप (मूल्यांचे प्रकार) करा आणि प्रॉक्सी पोर्टच्या इंटरफेस ब्लॉकमध्ये (पोर्टमधून काय जातं ते सांगणारी व्याख्या) फ्लो प्रॉपर्टीला, म्हणजे वाहणाऱ्या राशीला, तेच लावा. नुसता 'रिअल' (अर्थ न सांगणारी साधी संख्या) कुठेही नको. तापमानाला केल्व्हिन-सेल्सिअस तसंच. प्रवाहाच्या चिन्हाकडेही बघा: मॉडेलिकात घटकाच्या आत येणारा प्रवाह धन, म्हणजे एकाच जोडणीच्या दोन टोकांना चिन्हं उलट. सिसएमएलमध्ये दिशा पोर्टवर असते आणि समोरचा पोर्ट कॉन्ज्युगेट करून उलटवतात. एफएमयू काढताना हा नियम लिहून ठेवला नाही तर रेडिएटर द्रव तापवू लागतो!

आणि वायरिंग हाताने करू नका. इंटर्नल ब्लॉक डायग्राममधून (सिसएमएलची जोडण्यांची आकृती) एसएसपीची एसएसडी फाइल, म्हणजे कोणतं एफएमयू कशाला जोडायचं याची प्रमाणित यादी, स्क्रिप्टने काढा. जोडणी मॉडेलमध्ये एक आणि मास्टरमध्ये दुसरीच, हा प्रकार त्याने थांबतो.

मजकूरवादी:
तिसरा: आपोआप काही पकडलं जात नाही. सिसएमएल २ ची अंतिम आवृत्ती २०२५ मध्ये आली. ती यूएमएलवर (सॉफ्टवेअरची जुनी मॉडेलिंग भाषा, सिसएमएल १ चा पाया) नाही, केरएमएल या नव्या पायाभूत भाषेवर उभी आहे; मजकुराची अधिकृत लिपी आहे आणि दुसऱ्या प्रोग्रामना मॉडेल वाचायला प्रमाणित एपीआय आहे. पोर्ट डेफ (पोर्टची व्याख्या) बदलला की गिटमध्ये (फाइलींचे बदल नोंदवणारं साधन) तीन ओळींचा फरक दिसतो. सिसएमएल १ ची मॉडेलं ज्यात साठवतात त्या एक्सएमआयच्या फरकात ते शोधणं म्हणजे शिक्षाच. पण पोर्टवर 'रिअल' लिहिणारा तिथेही 'रिअल'च लिहील. शिवाय दोन समीकरणं एकमेकांना अस्थिर करतात हे आर्किटेक्चरची भाषा सांगू शकत नाही, ती भाषा आवृत्ती एक असो वा दोन.

स्थलांतर करायचंच तर १ कडून २ कडे जाण्याचे रूपांतर नियम स्पेसिफिकेशनचाच भाग आहेत. ब्लॉक, पोर्ट, रिक्वायरमेंट बऱ्यापैकी येतात. तुम्ही स्वतः बनवलेले स्टिरिओटाइप (भाषेत घातलेले आपले खास प्रकार) मेटाडेटा म्हणून नव्याने लिहावे लागतील, आणि डायग्रामची मांडणी येईल असं धरू नका. आधी फक्त या सर्किटची इंटरफेसं न्या, त्यांतून एसएसडी निघते का बघा, मग बाकीचं.

शीतचक्र:
गेज-निरपेक्षचंच निघालं. पंपाच्या एफएमयूत दाबाच्या व्हेरिएबलला एककच दिलेलं नव्हतं.

पोर्टपंडित:
एफएमआय २.० मध्ये एकक देणं ऐच्छिक आहे, म्हणून ते निसटतं. एफएमयू स्वीकारताना एक तपासणी घाला: प्रत्येक इनपुट-आउटपुटला 'युनिट' आणि 'क्वांटिटी' नसेल तर फाइल परत. पंपाने पाठवलेल्या दाबात १,०१,३२५ मिळवणारा ब्लॉक मध्ये टाकून काम भागवू नका. पुढे पंपाची टीम आपली चूक सुधारेल आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा मिळवली जाईल.