गिरणीच्या पिठाचा ब्रेड विटेसारखा होतोय, काय चुकतंय?

सातपूरची सून:
सासऱ्यांना सकाळच्या चहाबरोबर ब्रेडचे दोन स्लाइस लागतातच. मागच्या महिन्यात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. नाव ‘ब्राउन’, पण यादीत पहिला मैदा, रंग कॅरामलचा (१५०ए), पुढे मिसळलेल्या पदार्थांचे नुसते आकडे: ४८१, ४७२ई, २८२. घरात लोकवन निवडून, दळून आणायचा आणि म्हाताऱ्या माणसाला हे खायला द्यायचं? म्हटलं, आपणच करू. तीनदा केला, तिन्हीदा फसला.

५०० ग्रॅम पीठ, ३०० मिली पाणी, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ, दोन चमचे तेल. दहा मिनिटं मळून ४० मिनिटं झाकून ठेवते, मग टिनमध्ये घालून लगेच ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये), १८० वर ४० मिनिटं. एका बाजूने भेग पडते, तळाशी बोटभर चिकट पट्टा राहतो आणि यीस्टचा उग्र वास येतो. परवा सासऱ्यांनी कडेचा तुकडा टेबलावर टक टक वाजवला आणि म्हणाले, “अडकित्ता आण गं.”

ओटीजीवाला काका:
ताई, ही पोळ्यांची कणीक झाली. जात्यावरच्या पिठातला स्टार्च दळताना फुटतो, त्यामुळे ते पाणी फार पितं. ५०० ग्रॅमला ३७५ ते ४०० मिली घाला. हाताला चिकटेल, चिकटू दे, वरून पीठ भुरभुरवू नका (आपला हात आपोआप डब्याकडे जातो, तो आवरा). आधी नुसतं पीठ-पाणी कालवून पाऊण तास ठेवा. कोंडा भिजून मऊ पडतो, नाहीतर तो ग्लूटेनचे (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे) धागे तोडत बसतो.

यीस्ट ५ ग्रॅम पुरे, नाशिकच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. घड्याळ बघू नका, पीठ दुप्पट झालं की थांबा. तुमची खरी चूक पुढे आहे: टिनमध्ये घातल्यावर दुसऱ्यांदा फुगू द्यायलाच हवं, काठाच्या थोडं वर येईपर्यंत. भेग त्यामुळेच पडते. ओटीजी २०० वर १५ मिनिटं आधी तापवा. तळावर टिचकी मारून पोकळ आवाज आला की झाला. आणि तासभर गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, गरम कापला की आत चिकट लागतो.

रसायनवाला:
आकड्यांना एवढं घाबरू नका. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखतं, परवानगी असलेलं आहे. काही पाकिटांवर ३०० दिसेल, ते तर क जीवनसत्त्व. खरी भानगड ब्रेडच्या पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटची होती, त्यावर आपल्याकडे २०१६ साली बंदी आली. ‘ब्राउन’ म्हणून मैदा विकतात त्याचा राग मात्र रास्त आहे. २८२ नसलेला घरचा ब्रेड पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरेल. फ्रिजमध्ये तो लवकर कडक होतो, म्हणून कापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढे स्लाइस तव्यावर गरम करा.

म्हापशेकर:
टिनच्या नादी लागताच कशाला? आमचे गोव्याचे पोदेर (पाव भाजणारे) पोई करतात, गोल, आतून पोकळ, वरून कोंडा लावलेली. पूर्वी माडाची सूर (माडी) घालून फुगवायचे, आता यीस्टच. चहात बुडवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

सातपूरची सून:
काका, काल केला. ३९० मिली पाणी घातलं. हात कोपरापर्यंत बरबटले, दोनदा पिठाच्या डब्याकडे गेले, दोनदा मागे घेतले. निम्मा मैदा घालायचा मोह झाला होता, नाही घातला. उंची दुकानातल्यापेक्षा कमीच आहे, पण चिकट पट्टा गेला. कापायला मात्र तास नाही, वीस मिनिटंच थांबले. सासरे स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभे होते. पहिला स्लाइस बुडवला तर त्याचा अर्धा भाग कपातच राहिला. चमच्याने काढून खाल्ला आणि दुसरा मागितला.

पोई पुढच्या रविवारी. कोंडा चाळून ठेवलाय.