विषय: अंडररायटिंगची नोकरी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर विचारू की नको करत दोन आठवडे गेले, पण विम्यातले दोघं-तिघं इथे आहेत म्हणून विचारतेच. स्टॅटिस्टिक्समध्ये डिग्री झाली आणि एका विमा कंपनीकडून अंडररायटिंग ट्रेनीची (म्हणजे अर्जातली जोखीम बघून विमा द्यायचा का आणि कितीला, हे ठरवायचं काम) ऑफर आलीये, पर्सनल लाइन्स, म्हणजे गाड्या आणि घरं. आनंद एक दिवस टिकला, मग वाचलं की २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासले होते आणि त्यात अंडररायटरचं काम कॉम्प्युटरकडे जाण्याची शक्यता ९९ टक्के धरली होती. अमेरिकेच्या कामगार खात्याचा अंदाजही संख्या घटणार असाच आहे. घरचे म्हणतात हातची सोडू नको, मला मात्र पाच वर्षांनी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल याची भीती वाटते. खरं काय ते सांगा, नुसता धीर नको.

---

> खरं काय ते सांगा

अगं आधी अभिनंदन! मी कमर्शियल प्रॉपर्टीच्या विम्यात बरीच वर्षं काढलीत, तेव्हा माझ्या बाजूचं सांगतो.

गाडी आणि घर यातलं रोजचं काम गेलंय, जाणार नाही तर गेलंय. अर्ज भरला, सिस्टीमने नियम लावले, रेट दिला, पॉलिसी निघाली, मधे कोणी फाइल उघडतही नाही. माणसाकडे येतात ते फक्त रेफरल, म्हणजे नियमात न बसलेले अर्ज. पण तो ९९ चा आकडा 'हे काम तांत्रिकदृष्ट्या मशीनला जमेल का' याचा होता, नोकऱ्या अमुक साली संपतील असं त्यात नव्हतं. संख्या घटत असली तरी लोक रिटायर होतात, दुसरीकडे जातात, त्या जागा निघत राहतात.

आता माझं काम बघ. ट्रेनी असताना एका गोडाऊनची फाइल आली होती, कागदावर स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे) होते, सगळं छान. माझे सीनियर मला घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेले तर माल रचलेला थेट स्प्रिंकलरला टेकेपर्यंत, खाली निदान १८ इंच मोकळी जागा लागते नाहीतर पाणी पसरतच नाही. कागदावर तीच इमारत चांगली आणि डोळ्यांनी पाहिली तर वाईट. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नसतो आणि ही खरी अडचण आहे गं, कारण पूर्वी आम्ही शंभर सोप्या फाइली करत करत एकशेएकावी अवघड ओळखायला शिकलो, आता त्या शंभर मशीन करतं आणि नव्या पोरांना एकदम एकशेएकावी देतात. मला काळजी त्याची वाटते, नोकऱ्यांच्या आकड्याची नाही.

म्हणून ऑफर घे, पण जॉइन व्हायच्या आधी त्यांना एकच गोष्ट विचार: अथॉरिटी लेटर, म्हणजे स्वतःच्या सहीने पॉलिसी मंजूर करायचा अधिकार, कधी मिळतं आणि किती रकमेपर्यंत सही करू देतात. उत्तर गोलगोल आलं तर ती नोकरी डेटा भरायचीच समज.

---

काकांना दुजोरा, फक्त लाइफची, म्हणजे आयुर्विम्याची बाजू जोडते. आमच्याकडेही तरुण आणि निरोगी माणसाला रक्ततपासणीशिवाय पॉलिसी मिळते, मॉडेल औषधांची हिस्टरी बघून ठरवतं. पण मॉडेलने नाही म्हटलं तर का म्हटलं हे कोणीतरी सांगावंच लागतं. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात आयुर्विमा आणि आरोग्यविम्यातलं जोखीम ठरवणं हाय-रिस्क गटात टाकलंय, म्हणजे माणसाची देखरेख हवीच. तुझं स्टॅट्स इथे खूप कामाला येईल, मॉडेल कुठे चुकतंय हे विचारू शकणारी माणसं आमच्या टीममध्ये फार कमी आहेत.

आणि सायबर विमा बघ जमलं तर! २०१७ च्या नॉटपेत्या या कॉम्प्युटर व्हायरसच्या हल्ल्यानंतर साध्या प्रॉपर्टी पॉलिसींवर क्लेम आले, हे युद्ध धरायचं का यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं चालली. आग किंवा वादळाचा जुना डेटा असतो (१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात कितीतरी छोट्या कंपन्या बुडाल्या आणि मग कुठे सगळ्यांनी वादळाच्या नुकसानीचा अंदाज बांधणारी मॉडेल मनावर घेतली), पण सायबरमध्ये मागचं वर्ष पुढच्याबद्दल फारसं सांगत नाही, तिथे माणूस लागतोच.

---

ताई, काका, दोघांचे खूप आभार. आज एचआरला अथॉरिटीचं विचारलं. पहिल्या वर्षी काहीच नाही म्हणाले, पण सहा महिने क्लेम्समध्ये बसवतात, मग रेफरल डेस्क. क्लेम्समध्ये जाणं चांगलं की वेळ वाया?

---

चांगलं म्हणजे काय, उत्तम! आपण लिहिलेल्या पॉलिसीचं पुढे काय होतं हे तिथेच दिसतं, मला ती संधी फार उशिरा मिळाली. पॉलिसीची वर्डिंग्ज आत्तापासून वाचायला लाग, एक्सक्लुजन्स (कशाचे पैसे मिळणार नाहीत ते) आधी. अडलं की फोन कर.