इन्क्लुड हवाच, पण हेडरखाली झाकल्या जाणाऱ्या मजकुराचं काय?

साइटच्या प्रत्येक पानावर तोच हेडर (वरची पट्टी) आणि मेनू कसा दाखवायचा, यावर एकाने सल्ला दिलाय: फ्रेम (एकाच खिडकीत वेगवेगळी पानं दाखवणारे कप्पे) काढा, हेडर आणि मेनू वेगळ्या फाइलमध्ये ठेवून पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेतल्या इन्क्लुड आज्ञेने प्रत्येक पानात घ्या. तो अगदी पटला. फ्रेम मांडणारा फ्रेमसेट टॅग एचटीएमएल ५ मधून बादच झालाय. शिवाय आतल्या पानाचा पत्ता वर दिसत नसल्याने कुणाला नेमकी लिंक पाठवता यायची नाही. पण पान खाली सरकवलं की मेनू दिसेनासा होतो, तो प्रश्न इन्क्लुडने सुटत नाही. त्यासाठी त्याच सल्ल्यात सीएसएसमधलं (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पोझिशन फिक्स्ड, म्हणजे हेडर स्क्रीनवर एका जागी खिळवणं, सुचवलंय; तिथे माझं मत वेगळं आहे. फिक्स्ड हेडर पानात जागा धरत नाही, मग मजकुराला वरून पॅडिंग (मोकळी जागा) द्यावं लागतं, आणि मोबाइलवर मेनू दोन ओळींचा झाला की ते माप हमखास चुकतं. त्याऐवजी पोझिशन स्टिकी दिलेला हेडर आपली जागा धरून राहतो आणि पान सरकवलं की वरच्या कडेला चिकटतो. फक्त टॉप शून्य द्यायला विसरू नका, आणि त्याला वेढणाऱ्या एखाद्या डिव्हला (पानातल्या कप्प्याला) ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम, असेल तर आधी ते काढा, नाहीतर हेडर चिकटणारच नाही.

एक मुद्दा मात्र राहिलाय. एका वाचनालयाच्या साइटवर नियमांचं लांबलचक पान होतं. वरच्या अनुक्रमात 'अनामत रक्कम'वर टिचकी मारली की ते शीर्षक नेमकं हेडरमागे जायचं आणि वाचकाला आधीच्याच नियमाखाली असल्यासारखं वाटायचं. एचटीएमएल टॅगला हेडरच्या उंचीइतकं स्क्रोल-पॅडिंग-टॉप (पान सरकून थांबताना वर सोडायची जागा) दिलं आणि काम झालं. माउसऐवजी कीबोर्डवरचं टॅब बटण दाबत फिरणाऱ्यांसाठी तर याची फार गरज आहे: फोकस, म्हणजे सध्या निवडलेली लिंक किंवा बटण, अशा पट्टीखाली पूर्ण झाकला जाऊ नये, हा निकष २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीत आलाय. फोन आडवा धरल्यावर उंची फारच कमी उरते, तिथे मी मीडिया क्वेरीने (स्क्रीनच्या मापानुसार सीएसएस बदलणाऱ्या अटीने) स्टिकी काढूनच टाकतो.