पेडण्यात आईची शुश्रूषा: एजन्सीची मुलगी की वाड्यावरची बाई?

नमस्कार मंडळी,
आई ८१ वर्षांची, गोव्यात पेडण्याजवळ गावात असते. पडून खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं, आता घरी आहे. वॉकर धरून चार पावलं टाकते, पण उठवायला, अंघोळीला, रात्री लघवीला माणूस लागतंच. मी पुण्यात. घरी भाऊ-वहिनी आहेत, पण वहिनीची शाळेत नोकरी. सगळं तिच्या गळ्यात घालून मी फोनवरून सूचना देत बसायचं, हे पटत नाही.

एका एजन्सीने चोवीस तासांची मुलगी पाठवली होती. कामाला चांगली, पण तिला हिंदीच येई आणि आई बोलते कोकणी. पेज मागितली की चहा यायचा. त्याचं हसू येतं हो, पण रात्री ‘घुंवळ येता’ (चक्कर येते) म्हटलेलं कळलं नाही तर? शेवटी ती गावी गेली, बदली कोणी आलं नाही आणि डिपॉझिट अजून अडकलंय.

आता आमच्याच वाड्यावरची (वस्तीतली) एक ओळखीची बाई दिवसा यायला तयार आहे. मायाळू आहे, पण रुग्णाचं काम कधी केलेलं नाही. शिकवून जमेल का? रात्रीचं तुम्ही कसं करता? सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड यात चालतं का?

सत्तरीकर: नाही. त्या कार्डाचे ५ लाख रुग्णालयात दाखल झाल्यावरचे, बाईचा पगार त्यातून निघत नाही. गोवा सरकारच्या दयानंद योजनेचं ज्येष्ठांचं मानधन मिळत असेल तर तेवढाच हातभार. डिपॉझिटसाठी १४५६७ वर विचारून बघा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

घरभेटवाली नर्स: वाड्यावरचीच ठेवा. फिजिओथेरपिस्ट येईल तेव्हा तिला समोर उभी करा, तिच्याच हातून आईंना उठवून घ्या. काखेत हात घालून ओढायचं नाही. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून आणा. पडून राहून जखम होतेय का, म्हणून टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर लगेच कळवायचं. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली तर १०८. इंजेक्शन, कॅथेटर मात्र नर्सकडेच. रात्री खाटेला लागून कमोड खुर्ची ठेवा, चालायचा प्रश्नच मिटेल.

धागाकर्ता: ताई, खूप आभार. बाईला सोमवारपासून बोलावतो. पण कमोड खुर्चीचं नाव काढलं की आई म्हणते, “खाटी लागीं? शी!” कोणाच्या घरी असं माणूस तयार झालं असेल, तर कसं केलंत ते सांगा.