सुगीच्या दिवसांतली कामं – तुमचेही अनुभव लिहा

कोळवणकरीण
काल संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरले आणि सातव्यावर उतरायचं ते नवव्यावर जाऊन आले. आमच्या विंगमधल्या पोरांनी किल्ल्यासाठी कुठल्याशा गोठ्यावरून माती आणि पेंढ्याचा भारा आणला होता. पेंढा दमट. तो वास.

मी सातवीत असेन. दसरा झाला, भात पिवळा पडला. सावडीने, म्हणजे आज आमच्याकडे उद्या त्यांच्याकडे अशा अदलाबदलीने, आठ विळे आले, दोन दिवसांत निम्मा भात कापून कडपे खाचरात पसरले. दोन उन्हं खाल्ली की भारे बांधायचे. तिसऱ्या दुपारी डोंगरामागून आभाळ आलं आणि रात्रभर ओतलं. सकाळी घोटाभर पाण्यात कडपे. उलटे केले, बांधावर काढले, तरी चौथ्या दिवशी लोंबी हातात घेतली तर दाण्यादाण्याला पांढरा कोंब, शिवणाच्या दोऱ्याएवढा. वडील काही बोलले नाहीत. चित्रा नक्षत्राचा पाऊस तो, आजी तेवढी म्हणाली, "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा." आई तिच्यावर खेकसली. सासूवर पहिल्यांदाच.

वाचला तो भात घरात आला. ओटीवर, माजघरात, बाजेखाली, सगळीकडे. चुलीशेजारी सुपं ठेवून वाळवायचा. आम्ही भावंडं त्या ओल्या पेंढ्याच्या वासात झोपायचो. गिरणीत नेला तर निम्म्याच्या वर कणी. वर्षभर कण्या. अजूनही मी तांदूळ घेताना आधी मुठीत धरून वास घेते, दुकानदार हसतो.

असो. तुमच्याकडे या दिवसांत काय चालायचं, चालतं? काहीही लिहा.

चाळवाला
ओतूरकडचा आहे. आमच्याकडे एकच काम, कांद्याची चाळ निवडणे. एप्रिलमध्ये भरलेला कांदा पावसाळा काढून आता तळाशी काय झालाय ते बघायला कोणी पुढे होत नाही. वरून छान दिसतो, हात घातला की बोटं आत. तो वास साबणाने जात नाही, शाळेत बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही. आजोबा म्हणायचे थांबा, भाव येईल. भाव यायचा, तेव्हा आमच्या कांद्याला वीतभर पात आलेली असायची. त्यात नव्या कांद्याचं रोप टाकायची घाई. बाकी नंतर लिहितो, लाइट आली, मोटर चालू करायचीय.

पुरंदरची सून
ताई, कण्यांचं वाचून गलबललं.
आमच्याकडे भात नाही, अंजीर. मिठ्या बहाराची छाटणी याच दिवसांत. नवी नवरी होते, हौसेने गेले, तेही अर्ध्या बाह्यांत. चीक उडाला, रात्री कोपरापर्यंत आग आणि खाज. सासूबाईंनी खोबरेल चोळलं आणि म्हणाल्या, पुण्याच्या पोरींना फळ माहीत, झाड नाही. खोटं नव्हतं. सीताफळ मात्र पटकन जमलं. डोळे मोठे झाले आणि मधल्या भेगा पिवळट दिसल्या की तोडायचं. एक दिवस उशीर केला की पाखरांचं.

किल्लेदार
किल्ल्याचं काय झालं? अळीव पेरले का?

कोळवणकरीण
मोहरी पेरलीय म्हणे. लिफ्टमधून माती नेल्याबद्दल सेक्रेटरींनी नोटीस लावली, त्या नोटिशीवरच पोरांनी 'सिंहगडाकडे' लिहून बाण काढलाय.

किल्लेदार
😂😂 मोहरी चालते, पण पाच-सहा दिवस आधी पेरायला सांगा. आमचं जंगल दरवर्षी भाऊबीज झाल्यावर उगवतं.

वीकेंड शेतकरी
मुळशीत अकरा गुंठे घेतलेत, यंदा पहिल्यांदाच इंद्रायणी लावला. व्हिडिओ बघून विळा चालवला. तिसऱ्या ओळीत करंगळी. एक प्रश्न, खाचरातलं पाणी कधी सोडतात? मी कापायच्या दिवशी सकाळी सोडलं.

बांधावरून
म्हणजे चिखलात कापलास की रे. दादा, दाणा भरून लोंबी पिवळी व्हायला लागली की पाणी काढायचं, कापणीआधी आठ-दहा दिवस. जमीन कडक व्हायला नको का? आणि डाव्या हाताने धान धरायचं ते विळ्याच्या वर, खाली नाही. करंगळी कशी आहे?

वीकेंड शेतकरी
आहे. दोन टाके. बायको म्हणते तेवढ्यात एक पोतं तांदूळ आला असता. निम्मं अजून उभं आहे.

बांधावरून
इंद्रायणी म्हणालास म्हणून सांगतो. तो आला १९८७ ला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून. त्याआधी आमच्याकडे आंबेमोहोरच. उंच जायचा, जरा वारा सुटला की आडवा, उतारा कमी. वडील शिव्या घालायचे आणि पुढच्या वर्षी परत तोच लावायचे. पण पेंढा काय लांब! त्याची उडवी रचणं ही कला होती, चुलत्यांशिवाय कोणाला वर चढू द्यायचे नाहीत. आता मशीनने मळतो, पेंढ्याचा नुसता भुगा. म्हैस तोंड फिरवते.

पुरंदरची सून
आमची म्हैस सगळ्यालाच तोंड फिरवते.

ऊसवाला
शिरूर. इथे ऊसतोड टोळी येण्याची वाट बघणं हेच या दिवसांतलं काम. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच फडात टोळीतली एक बाई मांजराची पिल्लं म्हणून दोन बछडी पदरात घेऊन आली. बघितलं तर बिबट्याची. ती ओरडली, आम्ही ओरडलो, बछडी शांत. वनखात्याची माणसं आली, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये बछडी ठेवली आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. पहाटे क्रेट रिकामं, मादी घेऊन गेली. मस्त वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हणजे ती रात्रभर आमच्याच बांधावर होती ना. आणि शेतीची वीज येते रात्रीचीच. आता पाणी धरायला दोघं जातो, मोबाइलवर भजनं मोठ्याने लावून.

चाळवाला
आमच्याकडे पण तेच. भजनाला घाबरतो का तो?

ऊसवाला
माहीत नाही. मला धीर येतो.

माळरान
इंदापूर साइड. गंमत बघा, तुम्ही पाऊस जायची वाट बघता, आम्ही यायची. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस झाला, वापसा आला की पेरणीची पाभर बाहेर. अण्णा बैल हाकायचे, आई चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे पाभरीच्या तोंडात मुठीने बी सोडायची. एकदा आईला ताप होता म्हणून मूठ मला दिली. बोटांतून बी किती सुटतंय ते कळतच नाही हो. पहिल्या चार-पाच काकऱ्या गवतासारख्या दाट, पुढे बी पुरेना म्हणून हात आखडला तर वीत-वीत मोकळं. मालदांडी ज्वारी कंबरेला येईपर्यंत रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, हे कोणी पेरलं. अण्णा माझ्याकडे बोट दाखवायचे. मी दहावीचा अभ्यास त्याच वर्षी मनापासून केला.

पुरंदरची सून
😄😄 शेवटची ओळ.

आजी भोरची
मी बोलून लिहिते आहे चुका सांभाळून घ्या. खळं करायचं काम आम्हा बायकांचं. पाणी मारून चोपण्याने चोपायचं मग शेणकाला. दुसऱ्या दिवशी भेगा पडायच्या परत सारवायचं. तीनदा सारवलं की मग आरशासारखं. त्यावर कोंबडी गेली तरी सासरे ओरडायचे. रात्री राखणीला तिथेच पेंढ्यात झोपायचं ऊब छान. पिसवा पण. नातवाला सांगितलं तर म्हणतो आजी ग्लॅम्पिंग. ते काय असतं. कोणाकडे हातसडीचा तांदूळ मिळेल का पाच किलो. गुडघ्याला कोणी तेल सुचवा.

माळरान
आजी, तेल नको, आधी डॉक्टरला दाखवा.

कोळवणकरीण
सगळं वाचता वाचता माझी भाजी लागली. आजी, तांदळाचं चुलत भावाला विचारते, त्याच्याकडे उखळ आहे अजून, सडणारं कोण आहे ते बघावं लागेल.
त्यालाच आत्ता फोन केला होता. इथे कोथरूडला दुपारपासून ढग आहेत म्हणून सहज विचारलं. तिकडे जास्त काळं आलंय. कडपे कालच पसरलेत.

वीकेंड शेतकरी
माझेही खालीच आहेत. चांदणी चौकात अडकलोय, पोचतोय तासाभरात.

बांधावरून
भारे बांधत बसू नकोस, नुसते उचल आणि उंचावर टाक. ताडपत्री आहे का? नसली तर पौडला घे. करंगळीला पिशवी बांध.